संगणकाचें अक्षरलेखन

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मस्थान. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास त्यांनीं लेखनक्रियेस वाहिला आहे. बोरू, शाई, कागद, अक्षराचें वळण या सर्वांची काळजी त्यांत आहे. कारण लिहिलेलें पुढच्यास वाचतां आलें पाहिजे. आज गांवांचीं व माणसांचीं नांवें संगणकावर लिहिलीं जातात, तेथेंही हीच काळजी हवी.

'सी' ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तींत 'एफ-पुट-सी' नांवाची क्रिया आहे. तिला एक अक्षर व एक फाईल सांगावी, कीं तें अक्षर फाइलींत जातें. फाइलीऐवजीं पडद्याकडे जाणारा प्रवाह सांगितला, तर तें पडद्यावर उमटतें. काम साधल्यास लिहिलेल्या अक्षराचा अंक, फसल्यास 'ईओएफ' हा संकेत ती परत देते.

परंतु ही क्रिया एका वेळीं एकच बाइट, म्हणजे सामान्यतः ० ते २५५ यांपैकीं एक अंक, लिहिते. इंग्रजी अक्षर त्यांत सहज मावतें. आपल्या 'ज'चा युनिकोडांतील अंक मात्र २३३२ आहे. तो दिला, तर २५६ नें भागून उरलेली बाकी २८ तेवढी लिहिली जाते. आणि २८ या अंकास दृश्य अक्षरच नाहीं. क्रिया २८ परत देऊन काम झाल्याचें कळविते. अक्षर नाहींसें होतें आणि तक्रार कोणीच करीत नाहीं!

यावरील उपाय केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ मध्यें रचलेल्या 'यूटीएफ-८' पद्धतींत आहे. तींत 'ज' म्हणजे २२४, १६४, १५६ असे तीन बाइट; ते त्याच क्रमानें एकामागून एक लिहावे. 'जालना' या नांवांत काने धरून पांच चिन्हें, म्हणून पंधरा बाइट. एखाद्यानें दहाच बाइटांची जागा राखली, तर 'जाल' उरतें व पुढें एक निरर्थक तुकडा.

शिवाय लिहिलेले बाइट बहुधा आधीं स्मृतींत सांठतात व मागाहून फाइलींत उतरतात. म्हणून फाईल बंद करतांना मिळणारें उत्तरही तपासावें. जागेची कमतरता कित्येकदां तेव्हांच उघडकीस येते. लेखणी कोणतीही असो, लिहून झाल्यावर एकवार वाचून पाहणें हेंच लेखकाचें खरें कर्तव्य होय.