आखाड्यावर उभा असलेला जुना ट्रॅक्टर



ढोकीहून तेरकडे किंवा कळंबकडे निघालं, की वाटेत कुठल्या तरी आखाड्यावर लिंबाखाली एखादा जुना ट्रॅक्टर उभा दिसतो. रंग उडालेला, पुढची चाकं मातीत रुतलेली, सीटवर कोंबडी बसलेली. मालकाला विचारलं तर तो सांगतो, "चालू होता हो, नवा आणला म्हणून हा उभा केला. आता जाम झालाय." भंगारवाला दर उन्हाळ्यात येऊन लोखंडाच्या भावानं मागतो, आणि एखाद्या वर्षी तो जातोही. असा ट्रॅक्टर मोडीत घालण्याआधी काय पाहावं आणि घरच्या घरी काय करता येतं, यावर आज आपण बोलू.

हे ट्रॅक्टर तसे आपल्या ओळखीचे आहेत. 1959 साली फरीदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. 1963 साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर नवी कंपनी काढली आणि बी-275 आला. 1971 पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीचा 25 अश्वशक्तीचा झेटर 2511 तयार होऊ लागला. 1974 साली पंजाबातून स्वराज 724 आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आपल्याच इंजिनियरांनी केला होता. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे काही आहे ते पान्यानं उघडतं आणि डोळ्यांना दिसतं. म्हणूनच त्या घरी दुरुस्त होऊ शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. जून महिन्यात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाला की वाफसा येतो. सोयाबीनची पेरणी सगळ्यांना त्याच तीन-चार दिवसांत करायची असते. भाड्याचा ट्रॅक्टर तेव्हा नंबरानं मिळतो. आपला नंबर येईपर्यंत ओल उडाली, तर बी महाग पडतं आणि दुबार पेरणीची वेळ येते. पेरणी, फवारणी, पाणी वाहणं एवढ्यापुरता जरी जुना ट्रॅक्टर चालता झाला, तरी त्या चार दिवसांत तो घरचा आधार होतो.

आता माझी चूक आधी सांगतो. मी शेतकी पदवीधर, मिस्त्री नव्हे. आमच्या आजोबांचा बी-275 बरीच वर्षं आखाड्यावर उभा होता. मी आणि माझ्या चुलतभावानं एका दिवाळीत ठरवलं की आज चालू करायचाच. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधली, याला गिअरमध्ये टाकला आणि ओढला. मागची चाकं न फिरता फरफटत गेली. मग एक हिसका बसला, 'खट' असा आवाज झाला आणि सगळं संपलं. सायलेन्सर वरून उघडा होता. त्यातून पावसाचं पाणी एका सिलिंडरमध्ये उतरून साठलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्याला जागा मिळाली नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकला. त्या साली सोयाबीनच्या पट्टीतला निम्मा पैसा लेथवाल्याकडे गेला. आधी चारही नॉझल काढून इंजिन हातानं फिरवलं असतं, तर ते पाणी आपोआप बाहेर उडालं असतं.

तेव्हा पहिला नियम असा, की उभ्या गाडीला ओढायचं नाही आणि सेल्फही मारायचा नाही. आधी चेंबरखालचा नट थोडा ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. असलं तर आधी तेच थेंब थेंब बाहेर येईल. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं, तर पाणी आत मिसळतंय. हेडची गॅस्केट गेली असेल, लायनरची सीलं गेली असतील किंवा तडा असेल. तडा ब्लॉकलाच असेल, तर त्या गाडीवर पैसा घालू नका. भंगारवाल्याला त्या वर्षी हो म्हणावं.

तसं काही नसेल तर नॉझल काढा. प्रत्येक भोकातून निम्मं डिझेल, निम्मं ऑइल असं मिश्रण दोन-तीन मोठे चमचे सोडा, भोकांवर स्वच्छ फडकं ठेवा आणि आठ दिवस विसरून जा. घाईच्या माणसाला हेच जमत नाही. आठ दिवसांनी गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा, पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं हलवा. एकाच बाजूला जोर लावू नका. बोटभर जरी हललं, तरी काम होणार असं समजा. पुन्हा तेल सोडा, पुन्हा हलवा. पूर्ण फेरी बसायला लागली की नॉझलच्या भोकांसमोर तोंड नेऊ नका. आतलं तेल जोरात उडतं. दोन वेळा तेल सोडूनही गाडी जागची हलली नाही, तर मिस्त्रीला बोलवून हेड उतरवा. हे तुमच्या-माझ्या हातचं काम नाही.

इंजिन मोकळं झालं की डिझेलकडे वळा. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण सोडून द्या. त्याचा चिकट गाळ होतो आणि तळाला गंज असतो. टाकी धुवा, फिल्टर नवे घाला. एअर फिल्टर उघडून पाहा, त्यात उंदरांनी घर केलेलं असतंच. मग एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. डिझेल पंप मात्र घरी उघडू नका. तो आणि नॉझल पंपवाल्याकडे नेऊन तपासून घ्या. नॉझलचा फवारा हातावर घेऊन पाहण्याची काही जणांना सवय असते, ती सोडा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वरून सुईएवढा डाग दिसतो आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक मोठ्या दवाखान्यात जा.

बॅटरी जोडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. काही जुन्या गाड्यांत ऋण नव्हे, धन टोक बॉडीला असतं. आपल्या गाडीत काय आहे ते पाहूनच वायर लावा. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असेल तर सगळं नवं टाका, जोडाजोड करू नका.

पान्या-तेलापेक्षा महत्त्वाचं आता सांगतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. वीट फुटताना आधी सांगत नाही. बाभळीचे किंवा सागाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचा, चाकांना दगडाची उटी लावा आणि मगच खाली हात घाला. इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक धरतात का पाहा. क्लच प्लेट गंजून चिकटलेली असेल, तर गाडी सुरू होताच चालायला लागते. आणि बंद करायची तार ओढली जाते का, हेही आधी पाहा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीची ही तार किंवा पंपाचा दांडा अडकून बसतो, गाडी आपोआप रेस होते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून धरा, इंजिन गुदमरून बंद पडतं. फळी आधीच हाताशी ठेवा. तिथे हात लावू नका, पोतंही लावू नका. ते आत ओढलं जातं.

सुरू झाल्यावर पहिली नजर ऑइलच्या काट्यावर. दहा-पंधरा सेकंदांत काटा वर आला नाही, तर लगेच बंद करा. पीटीओच्या शाफ्टवर झाकण नसेल, तर ते बसवल्याशिवाय मळणी यंत्र जोडू नका. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातलं उपरणं शाफ्टमध्ये सापडलं, तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

सुटे भाग लातूर-सोलापूरच्या दुकानांत विचारा. जाताना जुना भाग बरोबर न्या आणि त्यावरचा ओतीव नंबर कागदावर उतरवून घ्या. खर्च वहीत लिहा. आधी फक्त इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, टायर. रंगाला हात शेवटी. बऱ्याच जणांचा रंग आधी होतो, मग पैसे संपतात आणि गाडी लाल चकचकीत होऊन तिथेच उभी राहते.

कागदांचंही सांगतो, कारण दहा वर्षांनी ट्रॅक्टर मोडीत घालावाच लागतो अशी अफवा मध्यंतरी मोबाईलवर फिरत होती. तसं काही नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पन्नास वर्षांवरच्या मोटारींना आणि दुचाकींना 2021 साली 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली, पण ती हौसेच्या गाड्यांसाठी आहे. त्या गाड्या रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाहीत. आपल्याला ती नको. आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करण्याचं काम आधी हातात घ्या, कारण विमा आणि नूतनीकरण त्यावरच अडतं.

आमचा बी-275 पुढे मिस्त्रीच्या हातून सुरू झाला. आता तो फवारणीला आणि पाण्याच्या टँकरला चालतो, नांगराला लावत नाही. सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा असतो. तुमच्या ट्रॅक्टरवर तो नसेल, तर आज संध्याकाळीच घाला.