मिठाच्या वाटेवरील दलदल



तंजावरच्या आग्नेयेस, कोरोमंडलचा किनारा एकाएकी पश्चिमेकडे वळतो तेथे वेदारण्यम् आहे. एके काळी हा भोसल्यांचा मुलूख. १७९९ साली तंजावरचा कारभार कंपनीच्या हाती गेला, आणि १८०५ साली मद्रास इलाख्यातील मीठही तिच्या मक्त्यात गेले.

हिवाळ्यात येथे येणाऱ्यास प्रथम शांतता जाणवते. नजर पोचेल तेथवर उथळ खारे पाणी, चिखल, आणि त्यात मान खाली घालून चरणारे रोहित पक्षी. दक्षिणेस कोडियक्कराईच्या रानात काळवीट आहेत. १९६७ साली तेथे अभयारण्य झाले, २००२ साली ही पाणथळ रामसर यादीत आली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथेच वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढला.

परंतु कार्यकर्त्याने येथे यावे ते आणखी एका कारणासाठी. १३ एप्रिल १९३० रोजी राजाजी सुमारे शंभर सत्याग्रहींसह तिरुचिरापल्लीहून निघाले आणि दीडशे मैल चालून येथे आले. कलेक्टर थॉर्न याने फर्मावले की, सत्याग्रहींना जो अन्न वा आसरा देईल त्यास शिक्षा होईल. मग गावकऱ्यांनी भाताच्या पुरचुंड्या वाटेवरील झाडांना टांगून ठेवल्या! झाडावर खटला कसा भरणार? वैरप्पन नावाच्या नाभिकाने, समोरचे गिऱ्हाईक पोलीस आहे हे कळताच दाढी अर्धीच सोडून वस्तरा खाली ठेवला व तुरुंग पत्करला, असे सांगतात. ३० एप्रिलला राजाजींनी मीठ उचलले व त्यांना अटक झाली. सत्याग्रहींचे यजमान वेदरत्नम् पिळ्ळै यांनाही तुरुंग घडला.

कायदा गेला, मिठागरे राहिली. दलदलीचा मोठा भाग आज वाफ्यांनी व्यापला आहे. तेथे पांढऱ्या चकाकीत डोळे बारीक करून, खाऱ्या पाण्याने भेगाळलेल्या पायांनी स्त्री-पुरुष मीठ ओढतात. पावसाळ्यात वाफे बुडतात आणि कामही बुडते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रान मोडले आणि मिठागरेही उद्ध्वस्त झाली.

रोहित पक्ष्यांस संरक्षण मिळाले, हे उत्तमच झाले. दुर्बीण घेऊन बांधावर उभे राहणाऱ्याने ती क्षणभर खाली ठेवावी, आणि फावडे ओढणाऱ्या बाईस तिची आजची मजुरी विचारावी.