पालावरचे मूल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शारदीय नवरात्रात तुळजापुरास येणाऱ्या भाविकाला भवानीमातेच्या आधी एक वेगळेच दर्शन घडते. महाद्वाराच्या वाटेवर पिंजारलेल्या केसांची, उघड्या अंगाची मुले हात पसरून उभी असतात. भाविक एखादे नाणे देतो, नाही तर ‘चल, बाजूला हो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. ते मूल रात्री कोठे निजते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत पाश्चात्त्य देशांतील ख्रिस्ती धर्मप्रचारक आघाडीवर होते, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. थॉमस बर्नार्डो हा तरुण चीनमध्ये धर्मप्रचारास जाण्याच्या इच्छेने लंडनला आला. तेथील पूर्व भागात छपरांवर निजणारी मुले पाहून तो तेथेच राहिला आणि १८७० साली त्याने मुलग्यांसाठी वसतिगृह काढले. जागा नाही म्हणून परत पाठविलेला अकरा वर्षांचा एक मुलगा पुढे मृतावस्थेत आढळला. त्यानंतर ‘कोणत्याही निराधार मुलास प्रवेश नाकारला जाणार नाही’ अशी पाटी त्याच्या दारावर लागली. ही करुणा खरी होती. तिला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या करुणेला दुसरीही बाजू होती. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील मुले चार्ल्स ब्रेस या पाद्र्याच्या संस्थेने १८५४ पासून आगगाडीत बसवून दूर पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत धाडली. त्यांतील अनेकांचे आईबाप किंवा दोहोंपैकी एक हयात होते. आमची मुले प्रोटेस्टंट घरांत घातली जातात, अशी तेथील कॅथॉलिकांची तक्रार होती. धर्मांतराचा आक्षेप हिंदूंच्याच डोक्यातून निघाला असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे! बर्नार्डोच्या संस्थेनेही हजारो मुले कॅनडास पाठविली. इंग्लंडमधून मुले परदेशी धाडण्याच्या अशा योजनांबद्दल २०१० साली पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना संसदेत क्षमा मागावी लागली. भाकरी मिळाली, पण आई गेली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे नाही. तुळजापूरहून पंचेचाळीस किलोमीटरवर सोलापूर आहे, आणि तेथील ‘सेटलमेंट’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. तारेच्या कुंपणातील अशा वसाहती देशात अनेक ठिकाणी साल्व्हेशन आर्मीसारख्या मिशनरी संस्थांच्या हाती देण्यात आल्या. सोलापूर व बारामती येथे अमेरिकन मराठी मिशनने हे काम पाहिले. तेथे शाळा होती, औषध होते, हाताला काम होते. हजेरीही होती.

आणि त्या वेळी आपला समाज कोठे होता? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई उपाशी मुली गोळा करून केडगावला नेत होत्या. त्यांच्या धर्मांतरावर पुण्यात टीकेचा भडिमार झाला. टीका करणारी लेखणी तयार होती. त्या मुलींना पानावर बसवून घेणारी घरे फार थोडी होती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. कायदा गेला, शिक्का राहिला. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. बाप कोठडीत, आई पोटासाठी दारोदार. अशा घरातील मूल शाळेत बसणार कसे? या प्रश्नातून १९९१ साली भटके विमुक्त विकास परिषद उभी राहिली आणि गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या श्रमांतून १९९३ साली तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर या मुलांचे निवासी शिक्षण सुरू झाले. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांना यमगरवाडी हे नाव प्रथमच कळले. आपल्यातही असे असतील.

येथे एक अवघड प्रश्न स्वतःलाच विचारावयास हवा. यमगरवाडीतही मूल आईपासून दूरच राहते ना? राहते. मग वेगळेपण कशात? आई पालावरून येईल तेव्हा तिला सन्मानाने आत बसविले जाते की नाही, यात. मुलाच्या पारधी बोलीला हसू येते की ती ऐकून घेतली जाते, यात. त्याच्या बापाला चहा आपल्याच कपात दिला जातो की नाही, यात. जेथे हे होत नाही, तेथे तारेचे कुंपण दिसत नसले तरी ते असतेच. म्हणूनच शाळा मुलांपर्यंत नेणाऱ्या ‘पालावरच्या शाळा’ तितक्याच मोलाच्या आहेत. तेथे मूल सायंकाळी आईजवळच निजते.

आता धाराशिवच्या, सोलापूरच्या सुशिक्षित घरांविषयी. पारधी समाजात काळे, पवार, भोसले, चव्हाण अशी आडनावे असतात. दहावी उत्तीर्ण झालेला असा मुलगा कॉलेजसाठी शहरात येतो आणि खोली पाहावयास जातो. आडनाव ऐकून घरमालक बसावयास सांगतात, पाणी देतात. मग मूळ गाव कोणते, वडील काय करतात, अशी चौकशी होते. तो खरे सांगतो. घरमालकांना एकदम आठवते की, खोली कालच कोणाला तरी दिली आहे.

त्या घराच्या भिंतीवर भवानीमातेची तसबीर असते.