भाग 23: ‘तुला यातलं कळतं ना रे?’

नाशिकमधून आजचा भाग थोडा घरचा आहे.

आधी एक गोष्ट, सगळ्यांना माहीत असलेली. पुण्याची ड्रोनआचार्य कंपनी. डिसेंबर 2022 मध्ये बीएसई एसएमईवर आयपीओ आला, भाव 54 रुपये. कंपनीला हवे होते साधारण 34 कोटी, अर्ज आले दोनशेहून जास्त पट. लिस्टिंग झालं 102 ला. ‘ड्रोन म्हणजे फ्युचर’ असं तेव्हा प्रत्येक ग्रुपवर चाललं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सेबीचा आदेश आला: आयपीओच्या पैशांचा गैरवापर, फुगवलेलं उत्पन्न, दिशाभूल करणाऱ्या घोषणा. कंपनी आणि प्रवर्तकांवर दोन वर्षांची बाजारबंदी.

आता माझं. कंपनी वेगळी, नाव घेत नाही. तीही छोटी, तीही ‘एआय’वाली. मी बीटेक, रोज कोड लिहितो, त्यामुळे त्यांचं प्रेझेंटेशन वाचून वाटलं, अरे हे आपल्याला कळतंय! निफाडचे माझे मामा द्राक्षाचे पैसे घेऊन बसले होते. त्यांनी एकच विचारलं, ‘तुला यातलं कळतं ना रे?’ मी हो म्हणालो. सव्वा लाखाचा एक लॉट घेतला.

एसएमई शेअरमध्ये दहा-वीस शेअर विकता येत नाहीत, अख्खा लॉटच विकावा लागतो. आणि घेणाराही लॉटच घेणार. चढताना हे जाणवत नाही. एके दिवशी 5 टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं. म्हणजे विकणारे रांगेत, घेणारा कोणीच नाही. मी रोज सकाळी ऑर्डर टाकायचो, संध्याकाळी ती तशीच पेंडिंग. अशी दहा सर्किटं लागली की 100 चे 60 उरतात. आमचे सव्वा लाखाचे पंच्याहत्तर हजार झाले, तेव्हा कुठे विकले गेले.

मामांना सांगायला मला महिना लागला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘गारपिटीचा पंचनामा तरी होतो रे.’

नंतर मी वार्षिक अहवाल उघडला, जो आधी उघडायला हवा होता. नफा दिसत होता, पण धंद्यातून येणारी रोकड उणे. विक्री कागदावर झालेली, येणी वाढत चाललेली. हे वाचायला कोडिंग लागत नाही, हिशेब लागतो. मला टेक्नॉलॉजी कळत होती, कंपनी कळत नव्हती. दोन्ही एकच आहेत असं मी मामांना भासवलं.

म्हणून तीन गोष्टी बघा. एक, नफ्याच्या मागे रोकड येतेय का. दोन, आयपीओचे पैसे ज्यासाठी मागितले त्याच कामाला लागले का. तीन, दिवसाला किती लॉटची उलाढाल होते, म्हणजे निघायचं झालं तर दार उघडं आहे का. एसएमई कंपन्यांचे निकाल सहा महिन्यांनी येतात, तेवढा काळ आपण अंधारात असतो. 2025 पासून एसएमई आयपीओसाठी किमान अर्ज दोन लाखांच्या वर गेलाय, तो उगाच नाही.

पन्नास हजार मी मामांना हप्त्यांनी देतोय. ते नको म्हणतात, मी देतो.

घरातलं कोणी तुम्हालाही विचारेल, ‘तुला कळतं ना?’ तेव्हा ‘नाही’ म्हणायला लाजू नका. भेटू पुढच्या भागात.