आधी हेतू, मग कॅथेटर

स्वागताध्यक्षाने यजमान शहराचे गुण गावेत, निवास-भोजनातल्या उणिवांची आगाऊ माफी मागावी आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. माफी मागून ठेवतो. गुणगानाची मिनिटे मात्र परिषदेच्या विषयासाठी वापरतो. मेंदूतल्या ज्या एव्हीएममधून, म्हणजे धमन्या-शिरांच्या गुंत्यातून, अजून रक्तस्राव झालेला नाही, तिथे एम्बोलायझेशन, म्हणजे तो गुंता नळीवाटे आतून बुजवणे, नेमके कशासाठी करायचे हे ठरल्याशिवाय कॅथेटर हातात घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे.

एव्हीएममध्ये धमनी आणि शीर यांच्यामधले केशवाहिन्यांचे जाळेच नसते. धरणाचे पाणी कालव्या-चाऱ्यांतून न फिरता एकदम शेतातल्या पाटात घुसावे, तसा धमनीचा जोर पातळ भिंतीच्या शिरेवर येतो. हा गुंता आतून बंद करण्याची कल्पना जुनी आहे. १९६० साली अमेरिकेत ल्यूसेनहॉप आणि स्पेन्स यांनी मानेतली धमनी उघडून तिच्यात छोटे कृत्रिम गोळे सोडले. ते कुठे जाऊन अडकायचे, हे रक्ताच्या ओढीवर सोपवलेले. पुढे मॉस्कोत सर्बिनेन्को यांनी नळीपासून सुटा करता येणारा फुगा आणला. आज मांडीतून शिरलेली नळी, टोकाशी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, गुंत्याच्या तोंडाशी पोचते. तिच्यातून गुंता बुजवायला सोडतात त्या ओनिक्स या द्रवात टँटलमची पूड असते, म्हणून ते पडद्यावर काळे उमटते. ते इंचाइंचाने नव्हे, कणाकणाने पुढे सरकते. मागे नळीवर चढू लागले की हात थांबवायचा, वाट पाहायची, पुन्हा हलकेच दाबायचे. त्यातल्या द्रावकामुळे रुग्णाच्या श्वासाला एक-दोन दिवस लसणासारखा वास येतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे लागते. वासाचे काही नाही. गाभा बंद होण्याआधी ओनिक्स निचऱ्याच्या शिरेत उतरले, तर रक्त येतच राहते, जायची वाट बंद होते आणि जे टाळायला निघालो तेच त्या टेबलावर घडते.

एवढे कौशल्य पणाला लावून हाती काय लागते? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १३७ अभ्यासांतले तेरा हजारांहून अधिक रुग्ण होते. शस्त्रक्रियेने गुंता पूर्ण बंद होण्याचे मध्यक प्रमाण ९६ टक्के, रेडिओसर्जरीने ३८ आणि एम्बोलायझेशनने १३. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व मात्र तिन्हीकडे पाच ते साडेसात टक्क्यांच्या घरात. दुसरा पुरावा ‘अरुबा’ चाचणीचा. न फुटलेल्या एव्हीएमवर केवळ औषधोपचार करायचे की त्यांच्या जोडीने हस्तक्षेपही करायचा, हे चिठ्ठी टाकून ठरवले गेले. २०१३ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक औषधोपचाराच्या गटात १०.१ टक्क्यांना, तर हस्तक्षेपाच्या गटात ३०.७ टक्क्यांना झाला. २०२० साली पुढचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हाही कल तोच राहिला.

अरुबावर टीका खूप झाली आणि तिच्यात तथ्य आहे. निव्वळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अगदी मोजके होते. नाना उपचार एकाच गटात कोंबले गेले. पण शस्त्रक्रिया कमी झाल्या हा आक्षेप कॅथेटरच्या बाजूने साक्ष देत नाही. उलट, पृष्ठभागावरचा लहान गुंता सर्जनकडे सोपवा, असेच तो सुचवतो. पाठपुरावा आयुष्याच्या मानाने तोकडा होता, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. वीस वर्षांच्या मुलीला वर्षाला एक टक्का धोका धरला, तरी पन्नास वर्षांत तो चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. हिशेब बरोबर आहे, पण त्याचा फायदा गुंता पूर्ण बंद झाला तरच पदरात पडतो. अर्धवट बंद झालेला गुंता जुना धोका सोडत नाही आणि वर प्रक्रियेचा नवा धोका मात्र घेऊन झालेला असतो. ‘निम्मा तरी कमी केला’ हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर दिसले, की मला त्या निम्म्याचा उपयोग विचारावासा वाटतो.

कधीकधी तो उपयोग असतोही. फुटलेल्या गुंत्यातला फुगवटा तातडीने बंद करणे किंवा सर्जनच्या हाताला न पोचणाऱ्या खोल धमन्या आधी बुजवून देणे, हे ठरवून केलेले अर्धे काम आहे. नवजात बाळाच्या ‘व्हेन ऑफ गॅलेन’ विकृतीत हृदय थकलेले असते, तिथे प्रवाह थोडा कमी झाला तरी जीव वाचू शकतो. पण त्याच आजारात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या लास्जोनियास यांनी २१ गुणांची मोजपट्टी दिली. गुण आठच्या खाली असतील तर उपचार करू नयेत, आठ ते बारा असतील तर तातडीने करावेत, बाराच्या वर असतील तर बाळ काही महिन्यांचे होईपर्यंत थांबावे. या क्षेत्रातल्या एका अत्यंत कुशल हाताने थांबण्यालाही असे गुणांत बसवले, याचे मला फार मोल वाटते.

आपल्याकडचा आक्षेप वेगळा असतो. गडचिरोलीचा रुग्ण पुन्हा येईलच असे नाही, म्हणून आत्ताच उरकून टाका. पण एम्बोलायझेशन अनेकदा टप्प्याटप्प्याने होते आणि रेडिओसर्जरीचा परिणाम दिसायला दोन-तीन वर्षे जातात. जो परत येणार नाही, त्याचे अर्धे काम तर काहीच न करण्याहून वाईट. शिवाय विमा असो वा सरकारी योजना, पैसे केलेल्या प्रक्रियेचे मिळतात, न करण्याच्या सल्ल्याचे नाहीत. कॅथलॅब रिकामी ठेवणे कुणालाच परवडत नाही, हे या सभागृहात कुणी मोठ्याने बोलणार नाही, म्हणून मीच बोलून टाकतो.

तेव्हा सादरकर्त्यांना एक विनंती आहे. स्लाइडवर आधीचा आणि नंतरचा अँजिओग्राम दाखवालच, त्यांच्याआधी एक ओळ टाका: प्रक्रियेपूर्वी केसपेपरवर हेतू काय लिहिला होता. ज्यांना हात लावला नाही अशा रुग्णांसाठी उद्या दुपारचे सत्र राखले आहे. त्यासाठी निबंध फारच थोडे आले आहेत. नावे चहाच्या सुट्टीत नोंदणी कक्षात देता येतील. आता अध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.