पितळेतला छुपा ताण



बंदुकीच्या काडतुसाचे टरफल पितळेचे असते. शंभर भागांत सुमारे 70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त. बार उडाला की टरफल फुगून नळीला घट्ट बसते, नि लगेच थोडे आकसून मोकळे होते. म्हणूनच ते पुन्हा भरता येते. पण दर खेपेला फुगून आणि पुन्हा दाबून पितळ कडक होत जाते. शेवटी ते तोंडाशी तडकते.

पण इंग्रजी अमदानीत आपल्याकडे न उडवलेली काडतुसेसुद्धा तडकलेली निघत. पावसाळ्यात ती घोड्यांच्या तबेल्यात साठवलेली असत. याचे कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1921 साली उलगडले. जनावरांच्या मुतापासून अमोनिया वायू सुटतो. टरफल थंडच ओढून घडवल्याने पितळेत ताण उरलेला असतो. ताण आणि अमोनिया, दोघे भेटले की पितळ चिरते.

यावरचा उपाय तांबटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोकून कडक झालेले भांडे तो तापवून नरम करतो. बेताने तापवले की टरफलातलाही ताण जातो.

तेव्हा पितळेचे नळ नि भांडी गोठ्यात टाकून ठेवू नका. आणि गुरुजी, मुलांना एवढे बजावा: रानात काडतूस सापडले, तर रिकामे वाटले तरी उचलू नये, मोडीत देऊ नये, पोलीस पाटलांना कळवावे. भरलेले काडतूस भट्टीत गेले, तर जिवावर बेतते.