काळजाची झडप



मागच्या गुरुवारी वर्गात एकाने विचारले, "बाई, काळजाचा रोग शेठलोकांचा ना? तूप खायचं, गादीवर बसायचं, त्यांना तो व्हायचा." असे पुष्कळांना वाटते. पण काळजाचा एक रोग बंगल्याकडे सहसा फिरकत नाही. एका खोलीत आठ माणसे निजतात, तिथे तो येतो. आणि येतो तो लहान मुलाच्या घशातून.

मी पंचवीस वर्षे नर्सचे काम केले. आमच्या भागातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ती नऊ वर्षांची होती. घसा दुखला, ताप आला, चार दिवसांत गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा धरला, मग कोपर. आई म्हणाली, "वाढीचं वय, हाडं दुखायचीच." तेल चोळले. दुखणे आपोआप थांबले. आता यात आईचा काय दोष? दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असेच कुणालाही वाटणार.

पण रोग काळजात उतरला होता. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह तुम्हाला ठाऊक आहे. पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. काळजातही रक्तासाठी अशाच झडपा असतात. या तापाने झडप जाड होते, आखडते. मग ती नीट उघडत नाही, किंवा नीट मिटत नाही. काळजाला दुप्पट राबावे लागते. हे सारे वर्षानुवर्षे गुपचूप चालते.

मुलगी एकोणीस वर्षांची झाली. लग्न झाले, दिवस राहिले. सातव्या महिन्यात धाप लागू लागली. रात्री आडवे होता येईना, भिंतीला टेकून बसायची. शहरात नेली, तेव्हा डॉक्टरांनी झडपेचे सांगितले. बाई वाचली, बाळही वाचले. पुढे झडपेचे ऑपरेशन झाले, त्यात बापाची दोन एकर जमीन गेली.

शंभर वर्षांपूर्वी लंडन आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतही हा रोग फार होता. दाटीच्या घरात एकाच्या खोकल्याबरोबर घशाचे जंतू दुसऱ्याकडे जातात. घरे सुधारली, तसा पेनिसिलिनच्या आधीच तो कमी होऊ लागला. पेनिसिलिन आल्यावर आणखी हटला. ऑस्ट्रेलिया केवढा श्रीमंत देश! तिथल्या सुखवस्तू लोकांत हा रोग आता क्वचितच होतो. पण तिथल्याच मूळ रहिवाशांच्या दाटीच्या वस्त्यांत मुलांना तो अजून होतो. देश एक, औषध एक, तरी असे.

पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते १९५५ साली होऊ लागले. म्हणजे औषध जुने आहे, महागही नाही. क्यूबा काही धनवान देश नव्हे. तिथल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे नेटाने काम केले, आणि हा ताप पुष्कळ घटला.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप आहे, पण सर्दी नाही, तर त्याला दवाखान्यात न्या. प्रत्येक घसा या जंतूचा नसतो, ते डॉक्टर पाहतील. सांधे एकामागून एक सुजले, तर एक दिवसही थांबू नका. एकदा हा ताप आला, की तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते, तीही कित्येक वर्षे. बरे वाटले म्हणून ती मधेच सोडायची नाही. दवाखान्यात सुई नसली, तर गप्प परत येऊ नका. ग्रामसभेत विचारा. मुलांच्या काळजाचा प्रश्न गटाराच्या प्रश्नाएवढा तरी मोठा आहेच ना?

त्या मुलीचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होता, तेव्हा त्याचाही गुडघा सुजला. या वेळी आईने तेलाची बाटली घेतली नाही. पोराला कडेवर घेऊन ती एस.टी.च्या थांब्यावर धावली. आता त्याला दर एकवीस दिवसांनी सुई असते. आईला वाचता येत नव्हते, तेव्हा ती कॅलेंडरवर कुंकवाचे बोट लावायची. आता तारीख स्वतः लिहिते.